गवताचं भाडं

सातशे एकरांमागे एक तंबू. केनियाच्या मसाई मारा परिसरातल्या ओल किन्येई कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे मसाईंच्या मालकीच्या संरक्षित रानात, मुक्कामाचा हा हिशेब आहे. एका कॅम्पवर बाराहून जास्त तंबू नाहीत. इथली खरी चैन म्हणजे आजूबाजूला दुसरं कुणी नसणं, आणि पाहुणा पैसेही मुख्यतः त्याचेच मोजतो.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावर सामानाचा काटा पंधरा किलोंवर थांबतो. बॅगही मऊ हवी, कारण ती छोट्या सेस्ना विमानाच्या पोटात कोंबायची असते. पाऊण तासात विमान मातीच्या धावपट्टीवर उतरतं आणि धावपट्टीच्या कडेला मसाई गाइड लँड क्रूझर घेऊन उभा असतो.

तंबू जाड कॅनव्हासचा. आत ऐसपैस पलंग, मागच्या बाजूला न्हाणीघर. अंघोळीची वेळ सांगितली की बाहेरून माणूस वरच्या टाकीत गरम पाणी ओततो. वीज सौरऊर्जेची. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असल्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही रात्री बोचरी थंडी पडते, म्हणून अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. कॅम्पला कुंपण नाही. अंधार पडल्यावर जेवायच्या तंबूपर्यंत जायचं तर अस्करी, म्हणजे रखवालदार, सोबत येतो. हत्ती आणि पाणघोडे तंबूंमधूनच ये-जा करतात. जेवणाची चिंता मराठी शाकाहाऱ्यानेही करू नये. भारतीयांबरोबर पूर्व आफ्रिकेत गेलेली चपाती आता केनियाची स्वतःचीच झाली आहे.

पहाटे तंबूच्या दाराशी चहा येतो आणि उजाडायच्या आत गाडी निघते. शेजारच्या मसाई माराच्या सरकारी राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे, संध्याकाळनंतर फिरता येत नाही आणि एका प्राण्याभोवती पाचच गाड्या थांबाव्यात असा नियम आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे कळप आले की तो नियम कितपत पाळला जातो, हे नदीकाठची गर्दीच सांगते. कॉन्झर्व्हन्सीत मात्र रात्रीची सफारी होते, गाइडबरोबर पायी हिंडता येतं आणि चित्त्यासमोर तुमची एकटीच गाडी असू शकते. गाइडही तयारीचे. त्यांच्या संघटनेच्या कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा चढत्या परीक्षा असतात. स्थानिक मसाई मुलामुलींना हे शिक्षण देणारी कोयाकी गायडिंग स्कूल ही शाळा 2005 मध्ये सुरू झाली.

हे सगळं उभं आहे ते जमिनीच्या एका करारावर. ताडोबाचं जंगल सरकारचं. इथलं गवत मात्र मसाई कुटुंबांच्या सातबारावर, असं म्हणता येईल. 1968 च्या कायद्याने मसाईंची चराऊ राने सामूहिक मालकीची झाली. पुढे त्यांची वाटणी होऊन घरटी तुकडे पडले. तुकडा हाती आला की तारेचं कुंपण घालावं, गहू पेरावा किंवा विकून मोकळं व्हावं, हे ओघानेच आलं. पण हजारो वन्यप्राणी राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर याच रानांवर जगत होते. तेव्हा 2005 मध्ये ओल किन्येईत आणि पुढच्या वर्षी ओलारे ओरोकमध्ये शेजारच्या मालकांनी तुकडे पुन्हा एकत्र केले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. भाडं एकरावर ठरतं. तंबू भरले की रिकामे राहिले, याच्याशी त्याचा संबंध नाही. राखीव क्षेत्रातल्या प्रवेशशुल्काची गोष्ट वेगळी. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाचे 200 डॉलर पडतात आणि ते जातात नारोक काउंटी सरकारकडे.

या व्यवस्थेला उणी बाजूही आहे. भाडं मिळतं ते ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला, आणि जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर असते. कॉन्झर्व्हन्सीतली वस्ती उठवावी लागते. चराई पूर्ण बंद नसली तरी गुरं कधी, कुठे न्यायची याचं वेळापत्रक असतं, आणि दुष्काळात मसाई गुराख्याला ते जाचतं. 2020 मध्ये करोनाने विमानं थांबली तेव्हा ठरलेलं भाडं देणंही कॅम्पवाल्यांना जड गेलं. सगळं रान एकाच धंद्यावर तोलून धरण्यातला धोका त्या वर्षी उघड झाला.

तरीही गव्हाच्या शेतापेक्षा मोकळं गवत मालकाला परवडावं, यासाठी दुसरा इतका टिकाऊ उपाय मारात अजून सापडलेला नाही. म्हणून कॅम्प निवडताना गादीची जाडी आणि जेवणाचा मेनू नंतर विचारावा. आधी विचारावं की जमीन कुणाची, एका तंबूमागे एकर किती आणि भाडं मालकाच्या हाती कसं पोचतं. या तिन्हींची उत्तरं चटकन मिळाली, तर तिथली महाग रात्र वसूल झाली म्हणायला हरकत नाही.