बोटीचा मेकओव्हर

पंढरपूरहून करकंबमार्गे उजनीला जाताना सेकंडहॅण्ड फायबर बोट घ्यायची हुक्की आलीय? थांबा! आधी तळ आणि इंजिन लावायची मागची फळी हातोडीने ठोकून बघा. ‘टणटण’ वाजलं तर मस्त. ‘भद्द’ वाजलं तर आतलं प्लायवूड कुजलंय समजा. फायबर कुजत नाही हो, पण स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपतं. नुसता रंग मारून भागत नाही. वरचा थर कापा, कुजकं काढा, खडखडीत वाळवा. मग मरीन प्लाय, इपॉक्सी, ग्लास मॅट आणि प्रत्येक भोक सीलबंद!

एवढा खटाटोप कशाला? २१ मे २०२४ला कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहाजण बुडाले. वारा आपल्या हातात नाही; फळी आहे. आणि लाइफ जॅकेटही!