मोह, तेंदू आणि धानाचे तूस : चिचगड परिसरातील छोट्या व्यवसायांचा हरित हिशेब

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगड सीमेकडील जंगलपट्ट्यातले बाजाराचे गाव असून, ब्रिटिश अमदानीत तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे ते मुख्य ठिकाण होते. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तरी या परिसराच्या उपजीविकेची घडण फारशी बदलली नाही : पावसाळ्यात बांध्यांमधील धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदू, तलावांतील मासे, आणि या सर्वांवर उभे असलेले लहानमोठे व्यवहार. याच जिल्ह्यात तिरोडा येथे 3,300 मेगावॉट क्षमतेचा कोळशावरील औष्णिक वीजप्रकल्प आहे आणि जिल्ह्याच्या औद्योगिक प्रगतीची चर्चा निघाली की बहुधा त्याचाच उल्लेख होतो. चिचगडच्या आठवडी बाजारात जंगलातून येणाऱ्या मालाची उलाढाल मात्र कोणत्याही औद्योगिक आराखड्यात दिसत नाही. वस्तुतः हरित अर्थव्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यास हा बाजार अधिक उपयोगी आहे.

हरित अर्थव्यवस्था ही संज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 च्या अहवालातून विशेष रूढ केली. ज्या अर्थव्यवस्थेत माणसांचे कल्याण आणि सामाजिक न्याय वाढतो आणि त्याच वेळी पर्यावरणावरील संकट व निसर्गाची टंचाई घटते, ती हरित अर्थव्यवस्था, असा तिचा थोडक्यात अर्थ आहे. या व्याख्येतील न्यायाचा भाग चर्चेत सहसा मागे पडतो आणि सौरपट्ट्या, विजेवर चालणारी वाहने आणि मोठ्या गुंतवणुकीचे प्रकल्प पुढे येतात. छोटा व्यवसाय कशाला म्हणायचे, याबाबतही असेच अंतर आहे. केंद्र सरकारच्या 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. मोहफुले वाळवून विकणारा बचतगट, पळसपानांच्या पत्रावळी लावणारे कुटुंब किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम चालवणारी ग्रामसभा यांचे मोजमाप या चौकटीत नीट बसत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे सर्व व्यवसायच आहेत, कारण त्यांत श्रम, कच्चा माल, जोखीम आणि विक्री या चारही गोष्टी आहेत.

यांपैकी सर्वांत मोठा व्यवहार तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडी वळण्यासाठी लागणाऱ्या पानाचा. त्याचे काम पान तोडण्याच्या बरेच आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, खुटकटाईने सुरू होते : तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली जातात, त्यांना नवे धुमारे फुटतात आणि एप्रिलअखेर त्यांवर मऊ, लवचीक, विडीला योग्य अशी पाने येतात. मग पहाटेच घरातील माणसे जंगलात जातात, ऊन चढण्यापूर्वी पाने घेऊन परततात आणि दुपारी सावलीत बसून, साधारण सत्तर पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधतात. संध्याकाळी हे पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. तेथे ते उघड्या जमिनीवर ओळीने मांडून, उलटवून, काही दिवस उन्हात वाळवले जातात आणि नंतर पोत्यांत भरले जातात. अवकाळी पावसाची एक सर आली तरी पानांवर डाग पडतात आणि भाव कोसळतो. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असला, तरी धानाच्या पेरणीपूर्वी हातात रोख रक्कम देणारे हे या भागातील मुख्य काम आहे.

1969 च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमानंतर तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव वनविभाग करी, ठेकेदार पाने घेई आणि गावकऱ्याच्या वाट्याला तोडाईची मजुरी व पुढे केव्हातरी मिळणारा बोनस येई. हे चित्र बदलण्यास आधार मिळाला तो अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या 2006 च्या कायद्याने. त्यात बांबू, तेंदूपान, मध, मेण, लाख, औषधी वनस्पती इत्यादींचा समावेश ‘गौण वनोपज’ या संज्ञेत करून त्यांवर गावाची मालकी मान्य करण्यात आली आणि जंगलाचे रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला. गडचिरोलीतील ग्रामसभांना पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या 1996 च्या कायद्याचा, आणखी एक आधार आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नसल्याने देवरी तालुक्यातील ग्रामसभांना सारी भिस्त वनहक्क कायद्यावर ठेवावी लागते. ज्या गावांना सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर होऊन मिळाले, त्यांपैकी गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी 2013 च्या हंगामात प्रथमच आपल्या तेंदूपत्त्याची विक्री स्वतः केली. मजुरीबरोबर स्वामित्वधन, म्हणजे मालकाला मिळणारी मालाची किंमत, थेट गावाच्या खात्यात येऊ लागले.

हा बदल पैशापुरता नाही, त्याचा जंगलाशी थेट संबंध आहे. एका हंगामापुरता घटक घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्या हंगामातील पाने हवी असतात; पुढच्या वर्षी तोच घटक त्याच्याकडे असेल याची खात्री नसते. खुटकटाईला मजुरी लागते आणि आग लावणे फुकट असते, म्हणून धुमारे लवकर फुटावेत यासाठी जंगल पेटवण्याची वाईट पद्धत मध्य भारतात अनेक ठिकाणी रुजली. या वणव्यात मोह, ऐन, बीजा आणि चारोळी या झाडांची कोवळी रोपे जळतात आणि जमिनीवरचा पालापाचोळा गेल्याने पहिल्याच पावसात माती वाहून जाते. ज्या ग्रामसभेचा पुढील वीस वर्षांचा हिशेब त्याच जंगलावर आहे, तिला मात्र आग विझवणे, खुटकटाई नीट करणे आणि काही झुडपे न तोडता राखणे परवडते. अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चे नोबेल पारितोषिक ज्या अभ्यासासाठी मिळाले, त्याचे सार हेच होते की सामायिक संसाधन वापरणाऱ्यांना नियम करण्याचा आणि देखरेखीचा अधिकार असेल, तर ते संसाधन पिढ्यानपिढ्या टिकवू शकतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर बांबूची तोड आणि विक्री स्वतः करून याचा जवळचा दाखला घालून दिला आहे.

तरीही तेंदूपत्त्यावर हरित अर्थव्यवस्था उभी राहील असे मानणे धोक्याचे आहे. त्याचा एकमेव ग्राहक विडीउद्योग आहे, विडी आरोग्याला घातक आहे आणि तिचा खप जितका घटेल तितके समाजाचे भलेच होईल. शिवाय हा व्यापार करांच्या आणि दूरच्या बाजारपेठांच्या हेलकाव्यांवर अवलंबून असतो : 2017 साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तेंदूपानांवर 18 टक्के कर बसला आणि तो 5 टक्क्यांवर येण्यास 22 सप्टेंबर 2025 उजाडावे लागले. तेंदूतून आलेला पैसा दुसऱ्या, अधिक टिकाऊ व्यवसायात गुंतवण्याची गरज म्हणूनच तातडीची आहे.

असा व्यवसाय होण्याची सर्वाधिक पात्रता मोहात आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप गळणारी, साखरेने भरलेली मोहाची फुले घरोघरी वेचून अंगणात वाळवली जातात. फुलांनंतर येणाऱ्या बियांचे तेल निघते आणि पेंडही उपयोगी पडते. झाड न तोडता दरवर्षी उत्पन्न देणारा, पाणी-खत न मागणारा हा कच्चा माल आहे. असे असूनही मोहाची ओळख दारूपुरती मर्यादित राहिली आणि दारूबंदीच्या कायद्याखाली फुले साठवणे व वाहून नेणे यांवरही निर्बंध होते, जे राज्य शासनाने 2021 साली उठवले. त्याआधी 2020 मध्ये केंद्राने वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत दर किलोमागे 17 रुपयांवरून 30 रुपये केला होता. आधारभूत दर खरेदी केंद्र जवळ असेल आणि वेळेवर उघडेल तरच उपयोगाचा असतो, एरवी हंगामात गरजेपोटी फुले व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने जातात आणि पावसाळ्यात तीच फुले वेचणाऱ्यांना चढ्या भावाने विकत घ्यावी लागतात. दमट हवेत फुले काळी पडतात व त्यांना कीड लागते, त्यामुळे कोरडे, हवेशीर गोदाम ही या व्यवसायातील निर्णायक गोष्ट ठरते. लाडू, चिक्की, सरबत, लोणचे, मनुकांसारखी वाळवलेली फुले असे पदार्थ बचतगटांना सहज करता येतात, पण त्यासाठी फुले मातीवर न पडता स्वच्छ मिळावी लागतात. येथे पर्यावरण आणि व्यवसाय यांची गाठ चांगली बसते : फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा हे वणव्याचे आणखी एक कारण आहे, आणि झाडाखाली जाळी बांधली की आग लावण्याचे कारणही उरत नाही व फुलांना भावही बरा मिळतो.

पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण यांचा व्यवसाय याहून लहान, पण त्याला काळाची साथ आहे. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये आणि केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. बंदीची अंमलबजावणी सैल असली की मात्र स्वस्त प्लास्टिक परत येते आणि ज्या घराने शिवण्याचे यंत्र घेतले त्याचे पैसे अडकतात; त्यामुळे लग्नसराईत गावोगावच्या पंगतींनी आणि शाळा-अंगणवाड्यांच्या कार्यक्रमांनी पानांचीच पत्रावळ घ्यायची ठरवली, तर तो आधार कोणत्याही अनुदानाहून मोठा ठरेल.

धानाची कथा वेगळी आहे, कारण त्या बाबतीत गोंदिया जिल्हा राइस मिलांसाठी आधीच प्रसिद्ध आहे. शंभर किलो धान भरडले की साधारण वीस किलो तूस, म्हणजे दाण्यावरचे टरफल, निघते. ते हलके आणि फुगीर असल्याने लांब वाहून नेणे परवडत नाही. जेथे निघते तेथेच वापरले, तर ते उत्तम इंधन ठरते. उष्णा तांदूळ, म्हणजे भरडण्यापूर्वी धान उकडून केलेला तांदूळ, तयार करणाऱ्या मिलांत बॉयलर तुसावरच चालतात आणि वीटभट्ट्यांनाही ते उपयोगी पडते. कोळशाऐवजी तूस जळते तेव्हा भाताच्या रोपाने त्याच वर्षी हवेतून शोषलेला कार्बन परत हवेत जातो, जमिनीखालचा नवा कार्बन बाहेर येत नाही. मात्र उघड्यावर टाकलेली तुसाची राख शेजारच्या बांध्यांत आणि माणसांच्या छातीत जाते. धूळ रोखण्याची व्यवस्था नसलेली मिल केवळ लहान आहे म्हणून हरित ठरत नाही.

पाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याला माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या मामा तलावांचा, वारसा आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढण्याची जुनी व्यवस्था मोडली. ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था या तलावांवर जगतात, पण बेशरमसारख्या माजणाऱ्या वनस्पतींनी काठ व्यापले आणि बाहेरून आणलेल्या माशांच्या भराने स्थानिक जाती मागे पडल्या. अर्जुनी मोरगाव येथील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमारांसोबत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे आणि स्थानिक मासे परत आणण्याचे जे काम केले आहे, ते छोट्या व्यवसायाने निसर्गाची दुरुस्ती करण्याचे जिल्ह्यातील उत्तम उदाहरण आहे. सायकल, मोटारपंप, फवारणी यंत्रे दुरुस्त करणारी चौकातील दुकानेही याच नात्यातली, कारण दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू एक नवी वस्तू बनवण्याचा कच्चा माल वाचवते.

मग हे सारे व्यवसाय मोठे का होत नाहीत, याचे उत्तर मुख्यतः भांडवलात आहे. वनहक्क वारसाने मिळतो, पण कायद्यानुसार विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. जंगल लुटले जाऊ नये म्हणून ही तरतूद आवश्यकच आहे, परंतु तिच्यामुळे बँकेकडे तारण ठेवण्यासारखे ग्रामसभेजवळ काही उरत नाही. तेंदूची तोडाई सुरू झाली की मजुरी आठवड्याला चुकती करावी लागते आणि ती देण्यासाठी हातात पैसा नसलेली ग्रामसभा व्यापाऱ्याची उचल घेते. उचल घेतली की भाव ठरवण्याची ताकद व्यापाऱ्याकडे जाते. 14 एप्रिल 2018 रोजी सुरू झालेल्या वनधन केंद्रांच्या योजनेत साधारण तीनशे वनोपज संकलकांनी एकत्र येऊन मालावर प्रक्रिया करावी अशी कल्पना आहे, आणि 2012 च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीला वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही दिला आहे. हक्क, परवाना आणि योजना अशा रीतीने कागदावर जागच्या जागी आहेत. उणीव आहे ती खेळत्या भांडवलाची, म्हणजे माल घेण्यापासून विकला जाईपर्यंतच्या काळात मजुरी आणि साठवण भागवणाऱ्या रकमेची. हमीशिवाय कमी व्याजाने मिळणारा असा फिरता निधी आणि चिचगडच्या बाजारपेठेत ग्रामसभांच्या सामायिक मालकीचे एक कोरडे गोदाम, या दोन गोष्टी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि जिल्हा नियोजन समितीने अग्रक्रमाने हाती घ्याव्यात. खुटकटाई फेब्रुवारीत सुरू होते आणि मोह मार्चमध्ये गळू लागतो; तेव्हा हा पैसा जानेवारीअखेर ग्रामसभांच्या खात्यात पोहोचला, तरच तो त्या वर्षी कामाचा.