एटापल्लीचें लोखंड आणि एटापल्लीचे लोक

ज्या गांवावरून माल जातो तो गांव श्रीमंत होतो, अशी आमच्या व्यापारी वर्गाची जुनी समजूत आहे. ती कितपत खरी, हें गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यानें ताडून पाहण्याजोगें आहे.

प्रथम बंदराचें उदाहरण घेऊं. ग्रीस देशाच्या अथेन्स राजधानीचें बंदर पिरिअस. तेथील बंदर-कंपनीचे ५१ टक्के भाग २०१६ सालीं कॉस्को या चिनी सरकारी कंपनीनें घेतले, व २०२१ सालीं तिचा वांटा ६७ टक्क्यांवर गेला. मालकी परक्यांकडे गेली. तथापि जहाजें त्याच धक्क्यास लागतात, आणि हमाल, कारकून, दुरुस्तीवाले व खाणावळवाले यांचा रोजगार तेथेंच राहतो.

खाणीचा न्याय निराळा आहे. सुरजागडचा डोंगर हें माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचें स्थान. त्याच्याच पोटांत उत्तम लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्स कंपनीस २००७ सालीं तेथें सुमारें ३४८ हेक्टरांचा पट्टा मिळाला. २०१६ सालीं काम सुरू होतांच त्याच डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं अनेक वाहनें जाळलीं; पुढें २०२१ पासून काम जोरानें चालू झालें. खनिजाच्या ट्रकांनीं रस्ते खचले व धूळ माजली, परंतु वाटेवरच्या दुकानदारांस चार पैसे मिळाले. २०२५ सालीं हेडरीपासून चामोर्शी तालुक्यांतील कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारें ८५ किलोमीटरांची नळवाहिनी सुरू झाली. पाण्यांत कालविलेलें खनिज आतां तींतून वाहतें. रस्त्याचा त्रास कमी व्हावा हें इष्टच; परंतु नळ चहा पीत नाहीं, कीं दुकानीं थांबत नाहीं!

याच्या उलट तेंदूपत्ता पाहा. त्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा, पण मजुरी घरोघर पोंचते. १९९६ च्या पेसा कायद्यानें गौण वनोपजावर ग्रामसभांची मालकी मानली आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवानें २०११ सालीं बांबूच्या वाहतूक-परवान्यांचा अधिकार मिळवून स्वतः विक्री केली. धन कोठें निघतें यापेक्षां त्यावर हात कोणाचा, हें अधिक महत्त्वाचें, असाच याचा अर्थ.

तेव्हां केवळ पहारेकऱ्याच्या व हमालाच्या नोकऱ्यांवर समाधान मानणें योग्य नव्हे. यंत्रें चालविण्याचें व दुरुस्त करण्याचें शिक्षण तालुक्यांतच मिळालें पाहिजे. खाणपट्ट्याच्या स्वामित्वधनाव्यतिरिक्त जिल्हा खनिज निधींत जमणारा पैसा कोणत्या कामीं लागला, याचा हिशेब ग्रामसभेपुढें वाचला गेला पाहिजे. एटापल्लीच्या व्यापाऱ्यांनींही हा हिशेब मागावा. कारण गिऱ्हाइकाच्या गांठीं पैसा नसेल, तर दुकान कितीही सजविलें तरी तें रिकामेंच राहावयाचें.