खडीविना काँक्रीट

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी बारीक जाळी घ्यायची, तिचे थर एकावर एक बांधायचे आणि वाळू-सिमेंटचा घट्ट माल हाताने दाबून आरपार भरायचा. खडी नाहीच. जेमतेम इंचभर जाडीचं हे फेरोसिमेंट. जाळी दाट असल्याने तडा गेलाच तर केसासारखा बारीक राहतो. फ्रान्समधल्या मिरावालच्या जोसेफ-लुई लाँबो यांनी १८४८ मध्ये याची होडी केली. १८५५ मध्ये पेटंट घेतलं, पॅरिसच्या प्रदर्शनात होडी मांडली. पुढे जवळपास शतकभर फारसं कुणी लक्षच दिलं नाही! १९४० च्या दशकात इटलीचे पिएर लुईजी नेर्वी यांनी नव्याने प्रयोग करून तूरिनच्या प्रदर्शन-सभागृहाचं भव्य छत यातूनच उभारलं. लाँबोंची एक होडी ब्रिन्योलच्या संग्रहालयात जपलेली आहे.