पिंगळी ते परभणी : मित्रांसोबतच्या एका दिवसाचा हिशेब

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्याबाहेरही ठाऊक आहे. कोठेच काही जमले नाही तर परभणी गाठावी, असा तिचा एक अर्थ लावला जातो. पिंगळीच्या महाविद्यालयीन तरुणांना विचाराल, तर परभणी हा शेवटचा नव्हे, पहिलाच पर्याय आहे. चार-पाच मित्रांनी एक दिवस शहरात घालवायचा म्हटले की हेच शहर.

पूर्णेच्या दिशेने जाताना परभणीनंतर पिंगळीचे स्थानक लागते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथून धडधडत निघून जातात. थांबते ती पॅसेंजर. या पॅसेंजरच्या तिकिटावरच मौजेचा दिवस अवलंबून असतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत पॅसेंजर बंद झाल्या. देशभर त्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा ‘विशेष एक्सप्रेस’ म्हणून, आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ अखेर ते पुन्हा १० रुपये झाले. पाच मित्रांच्या जाण्यायेण्याचा खर्च त्यामुळे ३०० रुपयांवरून १०० रुपयांवर आला. उरलेल्या दोनशेत पाच जणांचा चहा-नाश्ता होतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही रक्कम किरकोळ वाटेल. खिशात मोजकेच पैसे असलेल्या विद्यार्थ्याला ती जायचे की नाही हे ठरवायला पुरेशी असते.

एसटीचे गणित निराळे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, तर जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. म्हणजे मैत्रिणींचा घोळका एसटीने आणि मित्रांचा रेल्वेने, असा मजेशीर विभाग पडू शकतो! मुलींपुढे अर्थात तिकिटाहून मोठा प्रश्न परतीच्या वेळेचा असतो. संध्याकाळची गाडी चुकली तर काय, याचे उत्तर घरी आधीच द्यावे लागते. सवलतीने भाडे कमी झाले. हा प्रश्न मात्र वेळेवर धावणाऱ्या गाडीनेच सुटेल.

शहरात पाहायचे काय? स्थानकाबाहेर पडले की पायीच भटकावे. गुजरी बाजार, कच्छी बाजार, गांधी पार्क या भागांत खरेदी कमी आणि न्याहाळणेच अधिक होते. दुपारी सावली हवी असेल तर राजगोपालाचारी उद्यान. पारदेश्वर मंदिर आहेच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्या दिवसांत आकाशपाळणे आणि खाऊच्या दुकानांपुढे बाकीचे सारे कार्यक्रम मागे पडतात. सर्व धर्मांचे लोक तेथे येतात, हे वेगळे सांगायला नको.

एप्रिल-मेमध्ये या भटकंतीचा विचारही करू नये. पारा चाळिशी सहज ओलांडतो. अपवाद १८ मेचा. १९७२ मध्ये त्याच तारखेला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात त्या दिवशी खरीप शेतकरी मेळावा भरतो. वडिलांसोबत बियाणे आणायला निघालेला मुलगा तेथे मित्रांना गाठतो आणि पिशव्या वडिलांच्या स्वाधीन करून पसार होतो, हे दृश्य अनेकांच्या परिचयाचे असेल.

हा प्रवास उलट दिशेनेही व्हावा, असे मात्र वाटते. पिंगळीत पिंगळेश्वराचे मंदिर आणि यादवकालीन बारव आहे. टपाल खात्याने २०२२ मध्ये महाराष्ट्रातील बारवांची चित्रे असलेली पोस्टकार्डे काढली, त्यांत परभणी जिल्ह्यातील बारवांनाही स्थान मिळाले. शहरातील किती तरुण ही बारव पाहून आले असतील? हुरड्याच्या दिवसांत पिंगळीच्या मित्राने बोलावले, तर नाही म्हणू नये. जाण्यायेण्याचे तिकीट वीस रुपये, परतीच्या पॅसेंजरची वेळ तेवढी आधी विचारून घ्यावी.