वरणभात आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग

ओआरच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. एका कारखान्यात टेबलं आणि खुर्च्या बनतात, लाकूड इतकं आहे, मजुरीचे तास इतके आहेत, तर जास्तीत जास्त नफा किती? आपण सिम्प्लेक्सचा तक्ता मांडतो, मार्क मिळवतो आणि विसरून जातो. पण हेच गणित उलटं लावलं, म्हणजे जास्तीत जास्त नफ्याऐवजी कमीत कमी खर्च काढायचा ठरवला, की ते थेट होस्टेलच्या मेसच्या कोठीत जाऊन पोचतं. महिनाअखेर बिलाची नोटीस लागली की "खर्च कमी करा" आणि "वरण इतकं पातळ का?" असे दोन पक्ष पडतात. दोन्ही बाजूंनी आवाज भरपूर, आकडे मात्र शून्य! ज्याच्या घरून मोजून पैसे येतात त्याच्यासाठी हे आकडे गमतीचे नाहीत.

आधी नावाचा घोळ मिटवू. यातल्या 'प्रोग्रॅमिंग'चा सी किंवा जावाशी काही संबंध नाही. १९४७ साली जॉर्ज डँटझिगने सिम्प्लेक्स पद्धत शोधली तेव्हा तो अमेरिकन हवाई दलासाठी काम करत होता, आणि लष्करी भाषेत 'प्रोग्रॅम' म्हणजे कामाचं वा पुरवठ्याचं आधी आखलेलं वेळापत्रक. 'लिनिअर' म्हणजे सरळ हिशोब: दुप्पट डाळ घेतली की दुप्पट पैसे आणि दुप्पट प्रोटीन.

गंमत म्हणजे सिम्प्लेक्सची पहिली मोठी परीक्षा जेवणाच्या खरेदीवरच झाली. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रश्न मांडला की एका माणसाला लागणारी ९ पोषक तत्त्वं ७७ खाद्यपदार्थांमधून सगळ्यात स्वस्तात कशी मिळतील? त्याच्याकडे सिम्प्लेक्स नव्हती. त्याने अंदाज आणि चिकाटीवर उत्तर काढलं: १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. यादीत गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा, बस्स! १९४७ मध्ये जॅक लॅडरमनच्या हाताखालच्या लोकांनी हेच गणित सिम्प्लेक्सने, टेबलावरच्या हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटर यंत्रांवर सोडवलं. मेहनत लागली १२० मनुष्य-दिवस आणि उत्तर आलं ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिगलरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटांनी चुकला होता. आज एक्सेलचा सॉल्व्हर हे गणित आपण डोळे मिचकावेपर्यंत सोडवतो.

आता आपली मेस. ७७ पदार्थ कशाला, दोनच घेऊ: तांदूळ आणि तूरडाळ. दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० कॅलरी असतात. प्रोटीन मात्र तांदळात ७ ग्रॅम आणि डाळीत २२ ग्रॅम. समजा भाव आहे तांदूळ ५० रुपये किलो, डाळ १५० रुपये किलो. दोन वेळच्या जेवणातून एका मुलाला १७०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं असं धरू. (भाजी, तेल, गॅस, आचाऱ्याचा पगार तूर्त बाजूला ठेवला आहे.)

शंभर ग्रॅमचा एक भाग मानला, तांदळाचे 'त' भाग आणि डाळीचे 'ड' भाग, की अटी अशा होतात:

त + ड ≥ ५ (कॅलरी)
७त + २२ड ≥ ५० (प्रोटीन)
खर्च = ५त + १५ड, हा कमीत कमी हवा.

ग्राफ पेपरवर दोन रेषा काढा. दोन्ही अटी पाळणारा भाग वरच्या बाजूला उघडा राहतो आणि त्याला तीन कोपरे मिळतात. सारख्या खर्चाच्या रेषा एकमेकींना समांतर असतात. खर्चाची पट्टी खाली खाली सरकवत नेली तर ती त्या भागाला सोडण्याआधी शेवटचं टेकते ते कोपऱ्यावरच. म्हणून मधले असंख्य बिंदू तपासायची गरज नाही. नुसती डाळ खाल्ली (५ भाग) तर खर्च ७५ रुपये. नुसता तांदूळ (७.१४ भाग) तर ३५.७१ रुपये. आणि दोन्ही रेषा छेदतात तिथे, म्हणजे ४०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम डाळ, खर्च बरोबर ३५ रुपये. आजीचा वरणभात गणिताने पास!

पण खरी मजा पुढे आहे. वर्गात 'शॅडो प्राइस' एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते सगळ्या चॅप्टरमध्ये कामाची गोष्ट तीच आहे. प्रोटीनची अट ५० वरून ५१ ग्रॅम केली तर खर्च किती वाढेल? गणित परत सोडवा: ३५.६७ रुपये. म्हणजे एक जादा ग्रॅम प्रोटीन ६७ पैशांना पडतं. तसंच ३४० जादा कॅलरी फक्त ३३ पैशांना. आता ५० ग्रॅम गुणिले ६७ पैसे करा, सुमारे ३३ रुपये ३३ पैसे. ३५ रुपयांतले जवळपास सगळे पैसे प्रोटीनच्या अटीपायी जातात, आणि पोट भरण्याच्या अटीला उरतात १ रुपया ६७ पैसे! वरणात पाणी घातल्यावर मेसचे पैसे का वाचतात, आणि नेमकी कोणाच्या ताटातून काय वाचतं, ते इथे उघडं पडतं. वाटी तेवढीच दिसते, भात वाढून पोटही भरतं, पण कमी होते ती सगळ्यात महागडी गोष्ट.

डाळीचा भाव वाढला तर? एक ग्रॅम प्रोटीन तांदळातून ७१ पैशांना मिळतं, आणि १५० च्या भावाने डाळीतून ६८ पैशांना. डाळ १५७ रुपयांच्या वर गेली की तराजू उलटतो. मग सॉल्व्हर शांतपणे सांगतो की डाळ शून्य आणि तांदूळ रोज ७१४ ग्रॅम! शिजवून तो दोन किलोच्या आसपास भात होतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात २०० रुपयांच्या वर गेली होती, तेव्हा हेच उत्तर आलं असतं. उत्तर गणिताने बरोबर आहे आणि माणसाला अशक्य आहे, कारण पोटाला मर्यादा असते हे आपण लिहिलंच नव्हतं. प्रोटीन नुसतं ग्रॅममध्ये मोजून भागत नाही, हेही लिहिलं नव्हतं. तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी, डाळीच्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन कमी, एकत्र खाल्ले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. सॉल्व्हरला यातलं काहीही माहीत नसतं. त्याला फक्त लिहिलेल्या अटी कळतात.

खुद्द डँटझिगलाही याचा प्रसाद मिळाला होता. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून त्याने स्वतःचा आहार कॉम्प्युटरकडून काढून घेतला. तिथे उद्देश पैसे वाचवण्याचा नव्हता, कमी कॅलरीत पोट भरल्यासारखं वाटावं हा होता. कॉम्प्युटरने सांगितलं, ५०० गॅलन व्हिनेगर! व्हिनेगर यादीतून काढलं तर पुढचं उत्तर आलं, रोज सूपच्या २०० वड्या. मग वड्यांना वरची मर्यादा घालावी लागली.

आता आपल्या यादीत सोयाबीन वड्या घालू. १०० ग्रॅमला प्रोटीन सुमारे ५२ ग्रॅम, कॅलरी साधारण तेवढ्याच, भाव समजा १२० रुपये किलो. घ्यायच्या का? गणित पुन्हा न सोडवताच सांगता येतं. शॅडो प्राइसच्या भावाने ५२ ग्रॅम प्रोटीन आणि ३४० कॅलरी मिळून ३५ रुपयांचा माल होतो, आणि तो मिळतोय १२ रुपयांना. अर्थात घ्यायच्या! पर्चेसचं काम करणाऱ्याला यापेक्षा सोपी कसोटी मिळणार नाही. नवीन उत्तर: ४६७ ग्रॅम तांदूळ, ३३ ग्रॅम सोया, डाळ शून्य, खर्च २७.३३ रुपये.

डाळ शून्य! हे कोणत्याही मेस कमिटीत पास होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून आणखी एक अट लिहू: माणशी रोज निदान ५० ग्रॅम डाळ हवीच. मग उत्तर येतं ४३३ ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम डाळ, १७ ग्रॅम सोया आणि खर्च ३१.१७ रुपये. म्हणजे वरणाच्या आवडीची किंमत आहे माणशी रोज ३ रुपये ८३ पैसे. ती द्यायची की नाही हे गणित ठरवत नाही, ते आपण मतदान करून ठरवावं. फक्त मत देताना आकडा समोर असावा. मी तरी वरणाच्या बाजूने!

दोनशे मुलांच्या होस्टेलला तीस दिवसांची यादी होते तांदूळ २६०० किलो, डाळ ३०० किलो, सोया १०० किलो. बिल १ लाख ८७ हजार. सोया अजिबात न घेता नुसत्या वरणभाताचं हेच बिल २ लाख १० हजार होतं, आणि डाळ अजिबात न घेता १ लाख ६४ हजार.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी एक्सेलमध्ये सॉल्व्हर ॲड-इन चालू करा, पद्धत 'सिम्प्लेक्स एलपी' निवडा आणि उत्तर आल्यावर 'सेन्सिटिव्हिटी' रिपोर्ट जरूर मागा. शॅडो प्राइस तिथेच असते. हजारो पदार्थ आणि अटी असलेल्या प्रचंड गणितांना कोपऱ्या-कोपऱ्याने न जाता आतून वाट काढणारी पद्धतही आहे. ती १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी मांडली. ते आयआयटी मुंबईचे १९७८ चे बी.टेक. मेससाठी तिची गरज पडणार नाही.

एका ठिकाणी मात्र हे मॉडेल अडतं. तांदूळ पोत्याने येतो, अर्धं पोतं कोणी देत नाही. शिवाय एक व्यापारी स्वस्त पण टेम्पोचं भाडं वेगळं लावणारा, दुसरा थोडा महाग पण माल पोचता करणारा, असं असलं की टेम्पोचं भाडं एक किलो घ्या की हजार किलो घ्या तेवढंच राहतं. 'दुप्पट घेतलं की दुप्पट खर्च' हा नियम तिथे मोडतो. मग 'हा व्यापारी घेतला का' यासाठी फक्त ० किंवा १ होणारं चल घालावं लागतं, आणि ते गणित इंटिजर प्रोग्रॅमिंगमध्ये जातं. सॉल्व्हरमध्ये त्यासाठी त्या चलाला 'बिन' अशी अट देतात. पण मग सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळत नाही.