ओसरत्या पाण्याचा काठ

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येते आणि जिंतूर तालुक्यात येलदरीच्या मातीच्या धरणाला येऊन अडते. पुढे कंठेश्वरजवळ ती गोदावरीला मिळते. येलदरीच्या भिंतीमागे पसरलेला जलाशय हा जिल्ह्यातला सर्वांत मोठा पाणपसारा. त्याच्या आसपास जिंतूर, नेमगिरी आणि चारठाणा आहेत. जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाण्यात शिरले की लोणारचे सरोवर येते. दोन-तीन दिवसांच्या सावकाश सहलीसाठी पाणी, जुना दगड आणि डोंगर एकत्र हवे असतील, तर मराठवाड्यात यापेक्षा चांगला टापू नाही. तरीही ‘तळ्याकाठची गावे’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इटलीतले कोमो, ओर्ता, मज्जोरे येतात. त्याचा दोष सगळा जाहिरातींवर टाकता येणार नाही. फरक काठाचाच आहे.

उत्तर इटलीतली ही सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली आहेत. कोमोची खोली 400 मीटरांहून अधिक आहे. 1946पासून ओल्जिनाते येथील बांधाने त्याची पातळी राखली जाते आणि नियमानुसार ती दीड-पावणेदोन मीटरच्या पट्ट्यात खालीवर होते. वारेन्ना किंवा बेल्लाजिओच्या घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, त्या या भरवशावर. हा भरवसा जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोमोत जन्मलेल्या धाकट्या प्लिनीने तिथल्या आपल्या दोन आवडत्या घरांबद्दल मित्राला पत्र लिहिले. एक घर खडकावर उंच होते, त्याला त्याने शोकांतिकेचे नाव दिले, कारण त्या नाटकातले नट जाड तळाचे उंच जोडे घालत. दुसरे पाण्यालगत होते, ते सुखात्मिका. तिथे अंथरुणात पडल्या पडल्या खिडकीतून गळ टाकता येतो, असे तो सांगतो. बढाईचा भाग सोडून दिला तरी पाणी खिडकीपाशीच थांबणार याची त्याला खात्री होती, एवढे नक्की.

येलदरीच्या काठाला ती खात्री नाही. धरण 1968 साली पूर्ण झाले. लांबी चार किलोमीटरांहून थोडी जास्त, उंची सुमारे 51 मीटर, एकूण साठा 934 दशलक्ष घनमीटर आणि त्यातला सुमारे 809 दशलक्ष घनमीटर उपयुक्त, म्हणजे वापरून संपवण्यासाठीच साठवलेला. पायथ्याशी 22.5 मेगावॉटचे वीजगृह आहे. इथून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तिथून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांतल्या शेतांत पोहोचते. वसमतची हळद, ऊस आणि केळी त्या पाण्यावर उभी आहेत. सिद्धेश्वर हे 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडते. त्याआधी सगळा कारभार परभणीचा होता.

जे पाणी दुसऱ्याच्या शेतासाठी साठवले जाते, त्याच्या काठावर घाट बांधला जात नाही. भाद्रपदात जिथे लाटा लागतात, तिथून चैत्रात पाणी कोसभर मागे गेलेले असते. त्यामुळे येलदरीला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या नाहीत, होडक्यांचा धक्का नाही, काठावर बाजारपेठ नाही. आहे ती कॅम्पची वसाहत, भोयांची जाळी आणि उघडा उतार. पावसाळ्यात भरलेले धरण पाहायला येणारी गर्दी भिंतीवरून पाणी बघते, भजी खाते आणि परतते. काठ तिला दिसतच नाही, कारण तेव्हा तो पाण्याखाली असतो.

हा काठ पाहायचा तर तो उघडा पडायला हवा. दिवाळीनंतर रब्बीची आवर्तने सुरू झाली की पाणी उतरू लागते आणि मागे ओलसर गाळाची जमीन राहते. हीच गाळपेर. मराठवाड्यातल्या मोठ्या जलाशयांभोवती ही शेती चालते. वरच्या पट्ट्यात हरभरा, करडई, ज्वारी. पाणी आणखी मागे सरकले की काकडी, टरबूज, भाजीपाला. खत फारसे लागत नाही आणि मशागत थोडी पुरते, कारण नदीने वर्षभर वाहून आणलेला गाळ हेच खत. जमीन सरकारची, म्हणून ती पाटबंधारे खात्याकडून एका हंगामापुरती भाडेपट्ट्याने मिळते, आणि नियमांत पहिला मान धरणग्रस्तांचा. म्हणजे ज्याच्या आजोबाची जमीन पाण्यात गेली, त्याने तीच जमीन चार महिन्यांसाठी भाड्याने मागायची. सरकारी व्यवहारात इतका सरळ आणि इतका विचित्र न्याय क्वचितच सापडेल. बांध दरवर्षी बुडतात, तेव्हा हद्दीवरून कुरबुरी होणारच. अवकाळी पावसाने पातळी वाढली तर नुकसान ज्याचे त्याने सोसायचे. 2018च्या दुष्काळात राज्य सरकारने अशा जमिनी चारापिकांसाठी नाममात्र एक रुपया भाड्याने दिल्या होत्या. दुष्काळात जितके पाणी कमी, तितकी गाळपेर जास्त, असा हा हिशेब आहे.

धरणात बुडालेली गावे इटलीतही आहेत आणि तिथे त्यांचे वेगळेच झाले. आल्प्समधल्या रेझिया तलावात 1950 साली कुरोन हे गाव बुडाले. चौदाव्या शतकातला त्याचा घंटामनोरा पाण्यातून वर उभा आहे आणि त्याचे छायाचित्र जगभर फिरते. तोस्काना प्रांतात फाब्रिके दि कारेज्जिने हे लोहारांनी वसवलेले गाव वाल्यी तलावाखाली आहे. धरणाच्या दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला की दगडी घरे आणि चर्च वर येतात. 1958, 1974, 1983 आणि 1994 या वर्षांत ते गाव दिसले. शेवटच्या खेपेला ते पाहायला लाखो लोक गेले. उजनीच्या पाण्यातले पळसदेवचे पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते तेव्हा आपल्याकडेही मोटारी थांबतात. मात्र गाळपेर करणारा शेतकरी पाणी ओसरल्यावर तिथे टरबुजाचे वेल लावतो, आणि त्याला कोणी सहल म्हणत नाही.

जिंतूरला रेल्वे नाही. परभणीहून एसटीने जाणे सोयीचे. गावापासून जवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी या टेकड्या आहेत. नेमगिरीच्या जैन गुहांची दारे इतकी ठेंगणी आहेत की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते, आणि वाकून उभे राहिल्यावर समोर प्रचंड मूर्ती असते. पार्श्वनाथाची भारी मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली असून ती अधांतरी भासते. जालना रस्त्यावरचे चारठाणा हे चालुक्य-यादवकाळातल्या देवळांचे गाव. गोकुळेश्वर, खुराची आई, बारव आणि मोकळ्यावर उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ घाईने पाहिले तर दुपारी संपतात. तसे करू नये. स्तंभावरची नक्षी सकाळच्या तिरप्या उन्हात एक दिसते आणि संध्याकाळी दुसरी.

या टापूतले दुसरे पाणी, लोणारचे, जिंतूरच्या वायव्येला आहे. निजामाच्या काळात जिंतूर आणि लोणार यांच्यामध्ये सरहद्द होती: 1853मध्ये लोणारसह वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, जिंतूर निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिले. उल्केच्या आघाताने बेसाल्टात झालेले हे विवर, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, शालेय पुस्तकांतूनच परिचित आहे. 1973 साली ‘सायन्स’मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या पुराव्यानंतर ते ज्वालामुखीने झाले असे मानणारा पक्ष मागे पडला. हा वाद पुष्कळदा लिहून झाला आहे. त्याहून कमी लिहिले गेले आहे ते लोणारच्या खाराविषयी.

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, भोवती उंच डोंगर आहेत, पाणी खारे आहे. काच आणि साबण करण्याचे जिन्नस तिथे मिळतात, सोरा निघतो आणि त्यातून चांगला महसूल येतो. डोंगरावर एक झरा असून त्याच्या तोंडाशी बैलाची आकृती कोरलेली आहे, असा त्याचा आशय. तळ्याचे पाणी मधल्या भागातून घेतले तर गोड लागते, असेही तो लिहितो. हे ऐकीव असावे. तळ्याला बाहेर वाट नाही. डोंगरातून आलेले क्षार राहतात आणि पाणी तेवढे उडून जाते. म्हणून सामू दहाच्या आसपास. गोड पाणी आहे ते काठावरच्या झऱ्यांत आणि गोमुखाच्या धारेवर. कमळजा देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीबद्दल लोक सांगतात की तिच्या एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्याचे खारट.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर पांढरा थर जमे. तो गोळा करणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. 1910च्या बुलढाणा गॅझेटियरमध्ये खाराचे प्रकार नावांनिशी नोंदले आहेत: डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. बांगड्यांची काच, साबण, रंगकाम, पापड या सगळ्यांना तो लागे. पुढे कारखान्यातला स्वस्त सोडा बाजारात आला आणि लोणारचा खार मागे पडला. 2000 साली सभोवतालचा भाग अभयारण्य झाला, 2020मध्ये सरोवराला रामसर कराराखालचा पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि आज खार उचलण्याचा प्रश्नच उरलेला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याने लोणार बातम्यांत आले होते. पाणी घटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून दिसले. ओसरलेल्या पाण्यानेच लोणारला प्रसिद्धी दिली.

येलदरीला गाळपेर आणि लोणारला खार: दोन्हीकडे माणसाचे पोट पाणी हटल्यावर भरले. इटलीच्या धर्तीवर इथे विहारधाम उभारण्याच्या घोषणा म्हणूनच फसव्या ठरतात. भरल्या पाण्याकडे तोंड केलेला उपाहारगृहाचा सज्जा फाल्गुनात चिखलाकडे पाहत बसेल. इटलीतून घ्यायचेच तर दुसरे काही घ्यावे. 1999मध्ये ओर्व्हिएतो येथे ‘चित्तास्लो’ची, म्हणजे संथ गावांच्या संघाची स्थापना झाली. लहान गावांनी आपले अन्न, आपली घरे आणि आपला वेग सांभाळावा, पाहुण्याने त्यात सामावून जावे, एवढेच त्यामागे आहे. महाराष्ट्राच्या 2020च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याच्या घरी पाहुणा उतरवण्याची सोय आहेच. त्यासाठी येलदरीला धक्क्याची गरज नाही, दोन खोल्या आणि स्वच्छ न्हाणीघर पुरे.

जायचे तर पौष-माघात जावे. ज्वारी हुरड्याला आलेली असते, गाळपेरीतला हरभरा घाट्यावर असतो, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 साली दिलेल्या ‘परभणी शक्ती’ या लोह-जस्तयुक्त ज्वारीची भाकरी एखाद्या घरी ताटात येऊ शकते. धरणाच्या भिंतीवर छायाचित्रे काढण्याआधी विचारावे, आणि गाळात पाय रुततो म्हणून पाण्याच्या कडेला एकट्याने जाऊ नये.

एक काम मात्र जिंतूर आणि हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या शाळा-महाविद्यालयांनी हाती घ्यावे. येलदरीच्या पाण्याखाली गेलेली गावे, त्यांची शिवारे, वेशी, देवळे, विहिरी आणि गाळपेरीत अजून ओळखू येणाऱ्या जुन्या वाटा यांची नोंद त्या गावांच्या लोकांकडून घ्यावी. 1968 साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज सत्तरीकडे झुकली आहेत.